जुन्या एमजीबीला नव्या एमजीबीचा अल्टरनेटर कसा बसवायचा

१९६२ ते १९६७ या काळातली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, म्हणजे तिची पहिली आवृत्ती मार्क १, ज्यांच्या हाती नव्यानेच आली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. इंग्लंडात ही गाडी अजूनही ढिगाने मिळते. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९८० पर्यंत पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. इंजिनही आपल्याला अगदीच परकं नाही. अँबेसेडरला वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं, त्याचंच मोठं भावंड, १७९८ सीसीचं, एमजीबीत आहे. ज्याने कधी अँबेसेडरच्या बॉनेटखाली हात काळे केलेत, त्याला इथे फारसं काही नवीन वाटणार नाही.

मार्क १ ला ल्युकस कंपनीचा सी-४० डायनामो, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र, असतो. पूर्ण जोरात असताना त्याची क्षमता २२ अँपिअर. आता नोव्हेंबरातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळचा हिशोब मांडा. हेडलाइटचे ९ अँपिअर, मागचे-पुढचे छोटे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा मिळून २, वायपर ३, हीटरचा पंखा ४, इग्निशन आणि पेट्रोलपंप मिळून ५. बेरीज झाली २३, आणि ब्रेकवर पाय पडला की वर साडेतीन. हे झालं गाडी पळत असताना. सिग्नलला थांबलात की डायनामो जवळजवळ काहीच देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो. हेडलाइट पिवळे पडतात, इंडिकेटर रेंगाळतो. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्युकसना इथले गाडीवेडे गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, ते उगाच नाही. पण न्यायाने बोलायचं तर डायनामो बिचारा त्याच्या काळाच्या गरजेपुरता होता. आपण त्याच्यावर हॅलोजन दिवे, रेडिओ आणि फोनचा चार्जर लादतो.

उपाय म्हणजे १९७० च्या दशकातल्या एमजीबीचा ल्युकस अल्टरनेटर, डायनामोचंच काम करणारा पण कमी फेऱ्यांवरही जास्त वीज देणारा. तो बसवायला एक शनिवार-रविवार पुरतो. नवख्या माणसाचं सगळं लक्ष मात्र त्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर खिळलेलं असतं. तो बसवणं हे कामाचा सोपा भाग आहे. खरं काम दोन ठिकाणी आहे: गाडीचं अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडायचं ते, उलटं करणं, आणि वाढलेला करंट वाहून न्यायला पुरेशी जाड केबल टाकणं. ही दोन कामं नीट झाली तर बाकीचं फक्त नटबोल्ट आवळणं.

आधी गाडी काय आहे ते तपासा

मार्क १ कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थ घेऊन आली, म्हणजे बॅटरीचं प्लस टर्मिनल बॉडीला जोडलेलं. १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क २ पासून निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर दोन्ही एकदमच आले. पण साठ वर्षांत गाडी किती हातांतून गेली असेल कोण जाणे, त्यामुळे पुस्तकावर विसंबू नका. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी सळई बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि लाल सळई स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला वीज सोडणाऱ्या स्विचच्या) त्या बोल्टला, जिथे बॅटरीची जाड केबल येते. आकडा उणे आला तर गाडी अजून पॉझिटिव्ह अर्थच आहे. अधिक आला तर कुणीतरी हे काम आधीच उरकलेलं आहे आणि तुमचा अर्धा दिवस वाचला.

ही तपासणी टाळू नका. ल्युकसचे हे अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे असतात. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला जोडले तर आतले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, क्षणात जातात, इंजिन सुरू करायचीही वाट बघत नाहीत.

कोणता अल्टरनेटर घ्यावा

मार्क २ च्या पहिल्या गाड्यांवर १६ एसी नावाचा अल्टरनेटर होता. तो घेऊ नका, त्याला व्होल्टेज काबूत ठेवणारा वेगळा रेग्युलेटर लागतो आणि फुकटची गुंतागुंत वाढते. पुढच्या १६ एसीआर, १७ एसीआर आणि १८ एसीआर या तिन्हींत रेग्युलेटर आतच बसवलेला आहे. क्षमता अनुक्रमे ३४, ३६ आणि ४३ ते ४५ अँपिअर. माझं मत विचाराल तर सरळ १८ एसीआर घ्या. तो बाहेरून इतरांसारखाच दिसतो, जागाही तेवढीच घेतो आणि दुरुस्त करून विकणाऱ्यांकडे सहज मिळतो. याहून मोठे, ६०-७० अँपिअरचे आधुनिक अल्टरनेटरही लोक बसवतात. पण विजेचा पंखा, जादा दिवे असं काही नसेल तर त्यांची गरज नाही.

जुना घेत असाल तर पुली हाताने फिरवून कान द्या. खरखर आली तर बेअरिंग गेलंय. मागचं प्लास्टिकचं झाकण तडकलेलं नाही ना ते पाहा. मागे तीन पाती असलेला सॉकेट दिसेल: दोन रुंद, एक अरुंद. दोन्ही रुंद पाती म्हणजे आउटपुटचं प्लस, अरुंद पातं चार्जिंगच्या दिव्याचं. काही आधीच्या अल्टरनेटरांवर पात्यांची मांडणी वेगळी असते. नवख्याने तीन पात्यांचाच घ्यावा आणि त्याचा प्लगही त्याच विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

अल्टरनेटरबरोबरच त्याचा माउंटिंग ब्रॅकेट आणि ताण जुळवायची वक्र पट्टी एखाद्या मार्क २ गाडीवरची मिळवा. डायनामो लांबुळका असतो, अल्टरनेटर आखूड. त्यामुळे डायनामोचा ब्रॅकेट तसाच वापरला तर मागे मोठी फट राहते, आणि ती फट वॉशरांच्या चळतीने भरायची पद्धत मला अजिबात पसंत नाही.

सामान

अल्टरनेटर, ब्रॅकेट, पट्टी आणि प्लग सोडून हे लागेल: ८.५ चौरस मिलिमीटरची तपकिरी ऑटोमोटिव्ह केबल साधारण दोन मीटर (१२० तारांची, प्रत्येक तार ०.३० मिलिमीटर, क्षमता ६० अँपिअर), तिच्या मापाचे तांब्याचे थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या), थिंबल दाबायचा चांगला क्रिम्पर, हीट-श्रिंक नळी, झाकणासह ६० अँपिअरचा बोल्टवाला फ्यूज, बॅटरीचे दोन नवे क्लॅम्प आणि नवा फॅन बेल्ट. बेल्ट आधी घेऊन ठेवू नका. अल्टरनेटर बसल्यावर तो पट्टीच्या मध्यावर धरून पुल्यांभोवती दोरी फिरवा, तिची लांबी मोजा आणि त्या मापाचा आणा.

पान्हे एएफ मापाचे, म्हणजे इंचातले, हवेत. बहुतेक ठिकाणी अर्धा इंच आणि नऊ-सोळांश इंच चालतात. तेरा मिलिमीटरचा पान्हा अर्ध्या इंचाच्या डोक्यावर बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की डोकं गोल होतं आणि मग ग्राइंडर काढावा लागतो.

पहिला टप्पा: अर्थिंग उलटं करणं

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडताना नेहमी बॉडीला जाणारी केबल आधी काढायची, मग ती प्लस असो की मायनस. म्हणजे पुढे पान्हा कुठे बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

एमजीबीत सीटांच्या मागे, कार्पेटखालच्या झाकणाच्या आत, ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि मधल्या जोड-केबलने त्या मिळून १२ व्होल्ट होतात. दोन्ही बाहेर काढा, उलट्या फिरवून बसवा आणि जोड-केबलची टोकंही आपसांत बदला. इथे एक बारीक अडचण येते. बॅटरीचं प्लस टर्मिनल मायनसपेक्षा जरा जाड असतं आणि क्लॅम्प त्या त्या मापाचे असतात. आता बॉडीच्या केबलचा मोठा क्लॅम्प बारीक टर्मिनलवर खुळखुळतो आणि दुसरा जाड टर्मिनलवर जातच नाही. हातोड्याने ठोकून बसवू नका, बॅटरीचं झाकण तडकतं. नवे क्लॅम्प लावा. बॉडीला जिथे अर्थची केबल बोल्टने बसते ती जागा सॅंडपेपरने चकचकीत करा आणि वरून ग्रीस लावा. या खाचेत पाणी साचतं, पत्रा सडतो. आता तळ उघडा दिसतोच आहे तर बोटाने दाबून पाहा.

एखाद्याने आधीच १२ व्होल्टची एकच बॅटरी बसवली असेल तर हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे.

बॅटरी अजून जोडू नका. आधी उलट्या वीजप्रवाहाने कोणाकोणाला त्रास होईल ते पाहू.

इग्निशन कॉइलच्या दोन पातळ वायरी अदलाबदल करा. कॉइलवर प्लस-मायनस लिहिलेलं असेल तर पांढरी वायर आता प्लसला आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी पांढरी-काळी मायनसला. जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतात. तिथे पांढरी सीबीला आणि पांढरी-काळी एसडब्ल्यूला येईल. हे विसरलात तरी गाडी चालू होते, म्हणूनच पुष्कळांकडून ते राहून जातं. पण स्पार्कप्लगच्या मधल्या टोकाला निगेटिव्ह ताण मिळायला हवा. तो उलटला की स्पार्क कमजोर होतो आणि थंडीत, चढावर इंजिन अडखळतं. मग लोक कार्बोरेटर उघडून बसतात.

टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा, हा या टप्प्यातला सगळ्यात नाजूक भाग. १९६४ च्या शरदात पाच बेअरिंगचं इंजिन आलं, तोवर टॅकोमीटर केबलवर चालायचा. तुमचा तसा असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

त्यानंतरचा स्मिथ्सचा विजेवरचा टॅकोमीटर ध्रुवता पाहतो. इग्निशनची पांढरी वायर त्याच्या पाठीवर एक वेढा घेऊन कॉइलकडे जाते, आणि त्या वेढ्यातल्या करंटच्या झटक्यांवरून तो फेऱ्या मोजतो. निगेटिव्ह अर्थसाठी वेढ्याची दिशा उलटवावी लागते आणि डबीच्या आत पुरवठ्याचे नि बॉडीचे जोड बदलावे लागतात. हातात सोल्डरिंगची सवय असेल तर जमण्यासारखं आहे, नसेल तर मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवा. तोवर टॅकोमीटरची वीज सोडवून ठेवली तरी गाडी चालते. फक्त ती पांढरी वायर सलग राहिली पाहिजे, कारण कॉइलला वीज तिच्यातूनच जाते. टॅकोमीटर काढून वायर अधांतरी सोडली की स्टार्टर फिरतो पण स्पार्क येत नाही.

एसयू कंपनीचा पेट्रोलपंप साधा पॉइंटवाला असेल तर त्याला दोन्ही दिशा सारख्याच. मात्र पॉइंटांवरची ठिणगी दाबण्यासाठी आत डायोड बसवलेला किंवा पूर्ण इलेक्ट्रॉनिक पंप असेल तर तो एकाच ध्रुवतेचा असतो. पंपाच्या टोपीवर तशी खूण असते. रेडिओ, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मागाहून बसवलेलं घड्याळ, फोनचं सॉकेट यांतलं जे पॉझिटिव्ह अर्थसाठी बनलेलं असेल ते काढूनच ठेवा. हीटरचा पंखा उलटा फिरू लागला तर त्याच्या दोन वायरी बदलायच्या. उलटा फिरूनही तो थोडीफार हवा फेकतोच, त्यामुळे नुसता पंख्याचा आवाज ऐकून समाधान मानू नका. स्टार्टर, वायपर, हॉर्न, दिवे, पेट्रोल आणि तापमानाचे काटे यांना काही फरक पडत नाही.

एखाद्याला अर्थिंग या आठवड्यात आणि अल्टरनेटर पुढच्या महिन्यात करायचा असेल, तर मधल्या काळासाठी डायनामोला नवी दिशा शिकवावी लागते. त्याच्या दोन्ही वायरी काढा आणि बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या, म्हणजे आता प्लसच्या, बाजूकडून एक वायर आणून लहान पात्याला, म्हणजे एफला, दोन-तीनदा निमिषभर टेकवा. बारीक ठिणगी उडेल, तेवढं पुरे. डायनामो लगेच काढणार असाल तर याची गरज नाही. आणि हा प्रयोग अल्टरनेटरवर कधीच करायचा नाही.

दुसरा टप्पा: डायनामो उतरवणं, अल्टरनेटर चढवणं

बॅटरी अजूनही सुटलेलीच आहे. डायनामोच्या मागच्या दोन वायरी काढा: जाड तपकिरी-पिवळी डी टर्मिनलवरून, बारीक तपकिरी-हिरवी एफ टर्मिनलवरून. पट्टीचा बोल्ट ढिला करा, डायनामो इंजिनाकडे ढकला, बेल्ट काढा, मग डायनामोला धरणारे बोल्ट. शेवटचा बोल्ट काढताना एक हात खाली असू द्या, डायनामो दिसतो त्यापेक्षा बराच जड आहे. तो टाकून देऊ नका. पुढे गाडी विकताना मूळ भाग मागणारा गिऱ्हाईक हमखास भेटतो.

अल्टरनेटरचा ब्रॅकेट ब्लॉकवर बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभागांवरचा रंग आणि तेलकट काळा थर खरवडून काढा. अल्टरनेटरला वेगळी अर्थ वायर नाही. त्याचा सगळा करंट या ब्रॅकेटमधून ब्लॉकमध्ये आणि तिथून इंजिनाच्या अर्थ पट्टीतून बॉडीत परततो. ती विणलेली पट्टी एकदा शोधून पाहा. हिरवी पडली असेल किंवा तिच्या तारा तुटल्या असतील तर बदलून टाका, किंमत किरकोळ असते. आजवर ‘अल्टरनेटर खराब’ म्हणून दाखवायला आणलेल्या कितीतरी गाड्यांत खरी खोट या पट्टीतच निघते.

आता अल्टरनेटरचा मागचा कान नीट पाहा. त्याच्या भोकात स्टीलचं एक छोटं बुश आहे आणि ते जागेवर घट्ट नाही, दाबल्यास सरकतं. ते तसंच असायला हवं. बसवण्यापूर्वी ते लाकडी ठोकळ्याने हळूच ठोकून मागे सारा, मग अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये घाला आणि बोल्ट आवळा. आवळताना बुश स्वतःहून सरकत ब्रॅकेटला जाऊन भिडतं आणि फट भरते. गंजाने बुश अडकलेलं असेल तर बोल्टचा सगळा ओढा ॲल्युमिनियमच्या कानावर येतो. तो आधी काही बोलत नाही, आणि मग एके दिवशी ‘टक्’ करून तुटतो. थोडं भेदक तेल टाकून बुश हाताने हलेपर्यंत पुढे जायचं नाही.

बोल्ट बोटांनी घट्ट झाले की पुल्यांची रांग पाहा. क्रॅंक, वॉटर पंप आणि अल्टरनेटर या तिन्ही पुल्यांच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी टेकवा. अल्टरनेटरची पुली एखाद-दोन मिलिमीटर पुढेमागे असेल तर पुढच्या कानाशी योग्य जाडीचा वॉशर घालून ती रांगेत आणता येते. रांग चुकली की बेल्ट एका कडेने झिजतो आणि काळी पूड बॉनेटच्या आतल्या बाजूला बसू लागते.

बेल्ट ताणताना तरफ लावायची तर पुढच्या, पुलीकडच्या घराला लावा. मागच्या बाजूने रेटलात तर नाजूक भागावर ताण येतो. पुल्यांमधल्या सगळ्यात लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट अर्धा इंच, म्हणजे साधारण १३ मिलिमीटर, दबला पाहिजे. डायनामोला सैल बेल्ट चालून जायचा, अल्टरनेटरला नाही. भार आला की तो किंचाळतो. पण म्हणून तारेसारखा ताणूही नका, आधी वॉटर पंपाचं बेअरिंग जाईल.

तिसरा टप्पा: वायरिंग

उजव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर कंट्रोल बॉक्स आहे, ज्याला आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन कटआउट म्हणतात. अल्टरनेटरला रेग्युलेटर आतच असल्याने हा बॉक्स आता निकामी. पण काढून फेकू नका. जागेवर राहू द्या, गाडी मूळची दिसते. फक्त त्याच्यावरच्या सगळ्या वायरी उतरवायच्या. उतरवण्याआधी मोबाइलने फोटो काढा आणि प्रत्येकीला कागदी पट्टी चिकटवून अक्षर लिहा. साठ वर्षांच्या धुराने आणि तेलाने तपकिरी-पिवळी आणि तपकिरी-हिरवी यांत फरक करणं भर दुपारीही कठीण जातं. शंका आली तर वायरीचा इंचभर भाग ओल्या फडक्याने पुसा, रेघेचा रंग वर येतो.

बॉक्सच्या टर्मिनलांवर बी, डब्ल्यूएल, एफ, डी अशी अक्षरं असतात. बीवर दोन जाड तपकिरी वायरी असतात. एक सोलेनॉइडकडून वीज आणते, दुसरी गाडीत घेऊन जाते. या दोन्ही एकमेकींना जोडा. हा जोड पक्का हवा, कारण गाडीची जवळजवळ सगळी वीज इथून जाते आणि या तपकिरी वायरींना एमजीबीत फ्यूज नाही. नुसती पीळ मारून वर टेप गुंडाळणं इथे चालणार नाही. थिंबल दाबा, बोल्ट आवळा आणि वरून इन्सुलेशन घाला.

डब्ल्यूएलवरची बारीक तपकिरी-पिवळी वायर डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याकडून येते. तिला एफवरच्या तपकिरी-हिरव्या वायरीशी जोडा. म्हणजे तपकिरी-हिरवीचं दुसरं टोक, जे पूर्वी डायनामोच्या एफला होतं, ते आता दिव्याची वायर झालं. ते अल्टरनेटरच्या प्लगमधल्या अरुंद पात्याला द्या.

उरली डीवरची जाड तपकिरी-पिवळी. ती २२ अँपिअरच्या हिशोबाने टाकलेली होती. अल्टरनेटरचा पूर्ण करंट तिच्यातून पाठवू नका. बॅटरी उतरलेली असताना ती तापेल, आणि वायरिंगचा जुना जुडगा कापडी वेष्टणाचा असतो. तिची दोन्ही टोकं इन्सुलेट करून बांधून ठेवा. काळी अर्थची वायर असेल तर ती बॉडीला राहू द्या.

आता नवी केबल. अल्टरनेटरच्या प्लगमधल्या रुंद पात्यापासून ८.५ चौरस मिलिमीटरची तपकिरी केबल थेट सोलेनॉइडच्या त्या बोल्टवर न्या, जिथे बॅटरीची जाड केबल येते. ६० अँपिअरचा फ्यूज सोलेनॉइडच्या जवळ घाला, अल्टरनेटरच्या जवळ नको. केबल वाटेत कुठे घासली तर तिला बॅटरीचा जोर मिळणार आहे, म्हणून संरक्षण बॅटरीच्या बाजूला हवं. कारखान्याने इथे फ्यूज दिला नव्हता. मी देतो.

यामागे एक गोष्ट आहे जी डायनामोची सवय असलेल्यांच्या लक्षात येत नाही. गाडी बंद असताना कटआउट डायनामोला बॅटरीपासून तोडायचा, त्यामुळे डायनामोच्या टर्मिनलला हात लागला काय, पान्हा लागला काय, काही होत नसे. अल्टरनेटरचं प्लस टर्मिनल कायम जिवंत असतं, किल्ली खिशात असली तरी. प्लगवरचं रबरी किंवा प्लास्टिकचं आवरण पूर्ण बसलंय याची खात्री करा. आणि यापुढे त्या बाजूला पान्हा चालवायचा तर आधी बॅटरी सोडायची.

केबल जुन्या वायरिंगच्या वाटेनेच, क्लिपांना धरून न्या. डिस्ट्रिब्युटरच्या हाय-टेन्शन वायरींपासून आणि स्टीअरिंगच्या दांड्यापासून दूर ठेवा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, तेव्हा अल्टरनेटरपाशी थोडा झोल असू द्या.

पहिल्यांदा चालू करताना

किल्ली काढलेली, दिवे बंद, दारं बंद. बॅटरीची बॉडीकडची केबल शेवटी जोडायची. जोडण्याआधी टर्मिनल आणि क्लॅम्प यांच्या मध्ये एक साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प धरा. तो लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. थांबा, शोधा. अंधारच राहिला तर केबल जोडा आणि ध्रुवता पुन्हा एकदा मीटरने पाहा: सोलेनॉइडवर आता अधिक १२.६ च्या आसपास दिसायला हवं.

किल्ली फिरवा, स्टार्टर नको. चार्जिंगचा लाल दिवा पेटला पाहिजे. या दिव्याचं काम नुसतं इशारा देण्याचं नाही. अल्टरनेटरच्या फिरत्या चुंबकाला पहिला करंट या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडालेला असेल तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन खूप फिरवल्यावर होतो. इथे २.२ वॉटचा साधा बल्बच हवा. एलईडी लावलात तर तेवढा करंट जात नाही, आणि मग चार्जिंग नाही म्हणून दोष अल्टरनेटरला दिला जातो.

इंजिन सुरू करा. दिवा लगेच किंवा थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर विझला पाहिजे. १५०० फेऱ्यांवर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. आता हेडलाइट, हीटर, वायपर सगळं चालू करा आणि इंजिन पुन्हा आयडलवर आणा. १३ च्या वर राहिलं तर काम झालं.

चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘अल्टरनेटर चार्ज करतोय का’ हे पाहायची जुनी खोड कुणी शिकवली तर ऐकून न ऐकल्यासारखं करा. डायनामोवर ते खपून जायचं. अल्टरनेटरवर बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जातो. तसंच गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी अल्टरनेटरचा प्लग काढा.

आकडे बरोबर नसतील तर

बॅटरीवर १४ ऐवजी १३.२ च मिळतात, असं झालं तर अल्टरनेटर खोलू नका. हेडलाइट लावून, १५०० फेऱ्यांवर, मीटरची एक सळई अल्टरनेटरच्या प्लसला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावा. तफावत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर केबल, थिंबल किंवा फ्यूजचा जोड कमजोर आहे. मग एक सळई अल्टरनेटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. इथे पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा रस्ता खराब आहे: ब्रॅकेटखालचा रंग, इंजिनाची पट्टी किंवा बॅटरीजवळचा बोल्ट.

व्होल्टेज १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, गाडी चालवू नका, बॅटरी उकळेल. दिवा चालू गाडीत मंद मंद पेटलेला राहतो, याचं कारण बहुधा आतला एखादा डायोड. किल्ली फिरवल्यावर दिवा पेटतच नसेल तर बल्ब, मग कंट्रोल बॉक्सपाशी तुम्ही केलेला डब्ल्यूएल-एफ जोड, मग प्लगमधलं अरुंद पातं, या क्रमाने पाहा. रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर प्लग काढून एक रात्र ठेवा. तेव्हा उतरली नाही तर डायोडमधून गळती आहे.

नवा बेल्ट पहिल्या दोनेकशे मैलांत सैल होतोच, तेव्हा एकदा पुन्हा ताणा. त्याच वेळी ब्रॅकेटचे बोल्ट आणि सोलेनॉइडवरचा नट तपासा. विमा कंपनीला बदल कळवा. बहुतेक जण हा बदल हप्ता न वाढवता नोंदवून घेतात. आणि बॉनेटच्या आत किंवा बॅटरीच्या झाकणावर ‘निगेटिव्ह अर्थ’ अशी ठळक पट्टी चिकटवा. मार्क १ पाहून पुढचा मेकॅनिक ती पॉझिटिव्ह अर्थच समजणार आणि जंप-स्टार्टच्या केबली त्याच हिशोबाने लावणार.